‘तंबाखू : नाही’ – मशेरीचं एक प्रकरण

नोव्हेंबर 2023 मधल्या एका दुपारी मंगलमावशींचं जुनं कार्ड काढलं, तेव्हा त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘तंबाखू : नाही’. तारीख ऑगस्ट 2021 ची. म्हणजे सव्वादोन वर्षांत त्या माझ्या खुर्चीत तीनदा बसून गेल्या होत्या. एक दाढ भरली, एक काढली, एकदा दात साफ केले, आणि तिन्ही वेळा मी ती ओळ वाचून पुढे गेले होते. हे प्रकरण मी त्या ओळीसाठी लिहिते आहे. मावशींनी लिहायला परवानगी दिली आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

माझा दातांचा दवाखाना पुण्यात, दांडेकर पुलापासून चालत दहा मिनिटांवर आहे. येणारी माणसं बहुतेक पर्वती पायथा आणि जनता वसाहतीतली. मावशी सत्तेचाळीस वर्षांच्या. टेकडीच्या उतारावरच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहतात. माहेर वेल्ह्याकडचं. सहकारनगरमधल्या पाच घरी पोळ्या करतात. सकाळी सातला बाहेर पडतात, साडेअकराला परततात, संध्याकाळी पुन्हा दोन घरं. गळ्यात तुळशीची माळ. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, सून घरी असते.

त्या दिवशीची तक्रार साधी होती. खालचा पुढचा दात हलतो, गार पाणी लागतं. बोलता बोलता त्यांनी आणखी एक सांगितलं, “आन् ताई, तिखट खाल्लं की ओठाच्या आत चरचरतंय, तीनेक म्हैनं झालं.”

खालचा ओठ मी पुढे ओढला. ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत डाव्या सुळ्यापासून पार उजवीकडच्या दातांपर्यंत त्वचा राखाडी-पांढरी झाली होती. धुणं धुऊन उठल्यावर बोटांची पेरं जशी सुरकुततात, तशा बारीक वळ्या. डाव्या बाजूला त्या वळ्यांच्या मधोमध एक जाडसर चट्टा होता. लांबी साधारण बारा मिलिमीटर, रुंदी आठ, कडा उंचावलेल्या, पृष्ठभाग खरखरीत. गॉजने घासून पाहिला, निघाला नाही. त्याच पट्ट्यात हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडली होती आणि मुळांवर आडव्या पिवळट चरी होत्या. दातांच्या फटींत काळपट तपकिरी डाग. दोन वर्षांपूर्वी हेच डाग मी खरवडून काढले होते आणि चहाच्या खात्यावर टाकले होते.

“मावशी, तंबाखू खाता का?”

“छ्या! माळकरी आहे मी, ताई. तंबाखूला हात लावत न्हाई. मालक खात्यात.”

मी आरसा खाली ठेवला. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. तर्जनीचं टोक काळवंडलेलं, नखाच्या कडेला कोळशासारखी बारीक रेघ. पोळ्यांचा तवा रोज हाताळणाऱ्या बाईच्या हातावर काळं दिसणारच, पण फक्त एकाच बोटाच्या टोकाला?

“दात कशाने घासता?”

“मशेरीनं.” कुणी वारी केली का विचारल्यावर ‘हो’ म्हणावं तितक्या सहज त्यांनी सांगितलं.

*

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूची सुकी पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, गार झाली की चुरडून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना असा ठसका उठतो की शेजारपाजारची दारं लागतात. गावाकडे हे काम अंगणात, वारा बघून करतात. टेकडीवरच्या गल्लीत मावशी ते दुपारी, सगळे कामावर गेले की उरकत. पानं सुट्टी, बाजारातून वजनावर आणलेली. डबी म्हणजे पावडरीचा जुना गोल डबा, मोरीच्या वरच्या फळीवर, साबणाशेजारी. जागा मुद्दाम सांगते आहे. पानाच्या चंचीशेजारी किंवा नवऱ्याच्या चुन्याच्या डबीशेजारी तो कधीच नव्हता. घरातल्या वस्तूंच्या मांडणीत मशेरी साबण-शिकेकाईच्या बाजूची होती, व्यसनाच्या बाजूची नव्हती. म्हणून मावशी माझ्याशी खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. मी तंबाखू विचारली, त्यांनी तंबाखूबद्दल खरं सांगितलं.

पहिल्यांदा मशेरी लावली ती बाराव्या-तेराव्या वर्षी, दाढ ठणकत होती म्हणून, आजीने बोटावर दिली. “डोळ्यांम्होरं अंधारी आली, वकारी झाली, पार आडवी झाले. दाढ मात्र थांबली.” त्या चक्करेला आणि उलटीला वैद्यकात सरळ नाव आहे, निकोटिनची विषबाधा, सौम्य. नव्या शरीराला निकोटिन असंच लागतं. काही दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि त्रास जातो. घरात याचा अर्थ ‘मशेरी मानवली’ असा लावतात.

चौतीस-पस्तीस वर्षांनंतरचा दिनक्रम त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितला. पहाटे पाचला, शौचालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी. साडेअकराला, पोळ्यांवरून आल्यावर. चारला, चहाच्या आधी. रात्री दहाला, भांडी झाली की. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या मिनिटाभरात दात घासून होतात. उरलेला वेळ बोट हळूहळू हिरडीवर फिरत राहतं, मोरीच्या उंबऱ्यावर बसून, भिंतीला टेकून. शेवटी चूळ.

“त्या येळेला कुणी हाक मारत न्हाई बगा,” त्या म्हणाल्या. “तोंडात हाय म्हनल्यावर बोलावं लागत न्हाई.”

हे वाक्य मी कार्डावर जसंच्या तसं लिहून घेतलं. पहाटे पाच ते रात्री दहा या सतरा तासांत ह्या बाईच्या वाट्याला आलेला स्वतःचा वेळ एवढाच होता, चार वेळा पंधरा मिनिटं. सोडायला सांगताना मी नेमकं काय काढून घेणार आहे, हे मला त्या वाक्यामुळे कळलं.

*

ज्यांना आतलं यंत्र कळून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण मावशींच्या उपचारातला प्रत्येक निर्णय त्यावरच उभा होता.

सिगारेटच्या धुरातलं निकोटिन फुप्फुसातून रक्तात जातं आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूशी पोहोचतं. तोंडाच्या अस्तरातून ते सावकाश शिरतं, रक्तातली पातळी वर जायला अर्धा तासही लागतो, पण ती टिकूनही राहते. अस्तरातून किती शिरणार हे तोंडातल्या आम्ल-अल्कलीवर ठरतं. अल्कली वाढली की निकोटिनचा मोकळा, पेशींतून सहज पार होणारा अंश वाढतो. मावशींचे यजमान तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतात त्यामागचं रसायन हेच. ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण चुन्याशिवाय ‘बार लागत नाही’, म्हणजे तोंडात धरलेली चिमूट चढत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मेंदूतल्या पेशींवर ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप्या रसायनाला धरून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. निकोटिन त्या ग्राहकांवर बसतं, तिथून डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रोज ते मिळत राहिलं की मेंदू ग्राहकांची संख्या वाढवून ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, वाढलेले ग्राहक रिकामे पडू लागतात आणि तलफ येते. मावशींच्या दिवसात सगळ्यात मोठी खंड रात्रीची, सात तासांची. म्हणून पहाटेची मशेरी त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणं हे घट्ट अवलंबित्वाचं लक्षण मानतात. मावशींना पाच मिनिटंही दम नव्हता.

मग पोटाचं. “लावल्याबिगर कळ येत न्हाई,” हे मी मशेरी लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईकडून ऐकलं आहे आणि ते खरं आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. तीस वर्षं रोज पहाटे त्या धक्क्यावर चाललेलं आतडं तो धक्का बंद झाला की अडतं. वस्तीत सकाळची रांग, मर्यादित वेळ, सातला कामावर हजर व्हायचं. अशा बाईला ‘चार दिवस पोट साफ होणार नाही, सहन करा’ म्हणणं सोपं आहे, निभावणं तिलाच आहे. सोडण्याच्या प्रयत्नात बायका इथे माघारी फिरतात, असं माझं ठाम मत आहे. सल्ल्यांच्या कागदांवर मात्र चिडचिड आणि झोपेचा उल्लेख आधी येतो, पोटाचा कुठेतरी शेवटी.

निकोटिन ॲड्रेनलिनही सोडवतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्या दिवशी मावशींचा रक्तदाब 148/92 होता. त्याची गोळी त्या आधीपासून घेत होत्या, अधूनमधून.

चट्टा मात्र निकोटिनने झालेला नव्हता. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. कर्करोगाकडे नेणारी द्रव्यं वेगळी आहेत. तंबाखूत तिच्या स्वतःच्या अशा नायट्रोसामाइन जातीच्या संयुगांचा साठा असतो आणि मशेरीत भाजण्यामुळे बेंझोपायरीनसारख्या जळक्या द्रव्यांची भर पडते. धूर न ओढताही ती तोंडात येतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत ठेवलं आहे. हा भेद मी मावशींनाही सांगितला, कारण पुढे मी त्यांना निकोटिनचीच गोळी देणार होते आणि ‘जे विष तेच औषध कसं’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच.

*

चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला : ल्युकोप्लाकिया (तोंडातला घासून न निघणारा पांढरा चट्टा), सौम्य डिसप्लेसिया. पेशींची ठेवण बिघडायला सुरुवात झाली होती, कर्करोग नव्हता. असे सगळेच चट्टे कर्करोगाकडे जात नाहीत. काही जातात, आणि कुठला जाईल हे आधी ओळखता येत नाही. तंबाखू सुटली तर पुष्कळ चट्टे मागे हटतात, हीच धरून चालण्यासारखी गोष्ट.

मावशींना आरशात चट्टा दाखवला. आपल्या ओठाची आतली बाजू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ त्या बोटाने ओठ धरून बसल्या, मग विचारलं, “ह्ये बोटाखालीच हाय की, न्हाई का? जितं बोट फिरतंय तितंच.” हे मला सांगावं लागलं नाही.

कायद्याबद्दल इथेच लिहिते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. तंबाखूच्या पुड्यांवर 2016 पासून 85 टक्के जागा व्यापणारं चित्र छापावं लागतं. यातलं काहीच मावशींच्या मोरीतल्या डब्यापर्यंत पोहोचत नाही, कारण घरी भाजलेल्या मशेरीला वेष्टनच नाही. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के निघाले, बिडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के. आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा नाही, तोंडात ठेवण्याचा आहे. आणि आपण अजून ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी बघून समाधान मानतो.

*

पहिला प्रयत्न मावशींनी आपल्या मनाने केला. कार्तिकी एकादशीला सोडली, एकदम, देवाला सांगून. दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पहाटे रांगेतून तशाच परत आल्या, कामावर एका घरी पोळी करपली म्हणून बाई काही बोलली, तिथेच रडू फुटलं, घरी आल्यावर डबा उघडला. मग आठवडाभर माझ्याकडे फिरकल्या नाहीत. देवाला दिलेला शब्द मोडल्याची लाज मशेरीच्या तलफेपेक्षा जड झाली होती. फोन करून बोलावून घेतलं. दुसरा-तिसरा दिवस हाच सगळ्यात वाईट असतो, शरीराची ओढ तेव्हा कळसाला असते, त्यात तुमच्या भक्तीचा दोष नाही, असं मी त्यांना सांगितलं. हे वाक्य मी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी दुसरी चूक.

दुसऱ्या खेपेला आम्ही त्यांच्या दिवसाप्रमाणे आखणी केली. सोडण्याच्या तारखेआधी आठ दिवस पोटाची तयारी : रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, पहाटे उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, भाकरी ज्वारीची, दिवसाला एक पेरू. शेजारच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी नियमित केली आणि निकोटिनची चघळायची गोळी द्यायला हरकत नाही म्हणाले. दोन मिलिग्रॅमची घेतली.

ती गोळी कशी घ्यायची हे शिकवायला जेवढा वेळ गेला तेवढा दाढ काढायलाही लागत नाही. पहिल्या दिवशी मावशींनी ती च्युइंगमसारखी भराभर चावली, सगळा रस गिळला, उचक्या लागल्या, मळमळलं, “ह्ये तर पुन्यांदा पहिल्या दिवसावानी झालं” म्हणाल्या. ही गोळी दोन-चारदा चावायची, जिभेला झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मधे दडवून ठेवायची, चव गेली की पुन्हा दोन-चारदा. अर्धा तास. निकोटिन गालातूनच शिरायला हवं, पोटात गेलं तर उपयोग थोडा आणि त्रास जास्त. गोळीत म्हणूनच अल्कली घातलेली असते, तेच चुन्याचं तत्त्व. आणि म्हणूनच गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, लिंबू, कोल्ड्रिंक नको. चहानंतर लगेच गोळी घेतली की ‘गोळी लागू पडत नाही’ असं दोन दिवसांत वाटायला लागतं. मावशींचं अगदी तेच झालं. चार वाजताची गोळी चहाबरोबर जात होती.

एक कबुली द्यायला हवी. धूरविरहित तंबाखू सोडवण्यात या गोळीचा पुरावा सिगारेटइतका भक्कम नाही. समोर बसून बोलणं, पुन्हा पुन्हा बोलावणं याचा उपयोग अधिक खात्रीचा आहे. गोळी मी मुख्यतः पहाटेसाठी दिली. पाच वाजता उठल्याबरोबर एक. बाकीच्या तीन वेळांना गोळी घेतली तरी खरी ओढ बोटाच्या सवयीची होती.

बोटाबद्दल मावशींनीच सांगितलं, “ताई, तोंडाला गोळी झाली, बोटाला काय?” ब्रश दिला होता, मऊ दातांचा, पण ब्रश दोन मिनिटांत संपतो. त्यांनी राखुंडी सुचवली. नको म्हटलं, उघड्या मुळांवर आधीच चरी होत्या, राखुंडीने आणखी खोल गेल्या असत्या. मग ठरलं ते हे : त्याच वेळी, त्याच मोरीच्या उंबऱ्यावर बसायचं, बोट कोमट पाण्यात बुडवायचं आणि नुसत्या बोटाने हिरड्या हलक्या हाताने चोळायच्या. पंधरा मिनिटं. कुणी हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही. घरच्यांना मी स्वतः सांगितलं की हा औषधाचा भाग आहे. माझ्या लेखी तो होताच. पंधरा मिनिटांचा तो एकांत टिकला नसता तर बाकीचं काही टिकलं नसतं.

तलफ आली की ती तीन-पाच मिनिटांत ओसरते हे मी सगळ्यांना सांगते. मावशींनी त्याचं माप शोधलं. “एक हरिपाठाचा अभंग म्हनूस्तवर राहती, दुसऱ्याला जाती.”

*

जानेवारीत मावशींबरोबर सून आली, दाढ दुखते म्हणून. सातवा महिना. या वेळी मी कार्डावरचा छापील प्रश्न विचारलाच नाही. “दात कशाने घासतेस गं?” तिने सासूकडे बघितलं. तोच डबा. लग्न होऊन आल्यावर दाढ ठणकली तेव्हा सासूबाईंनीच बोटावर दिली होती, जशी त्यांना आजीने दिली होती. आता दिवसातून दोनदा.

माझ्या हातातली आरशाची काडी थांबली. मावशी सोडत होत्या पण डबा फळीवर तसाच होता, आणि तो कुणासाठी आहे हे मी महिनाभर विचारलं नव्हतं.

गरोदरपणात मशेरीचं निकोटिन वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) ओलांडून बाळापर्यंत जातं, आणि आईच्या रक्तवाहिन्या आकसल्या की वारेकडचं रक्तही कमी होतं. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांना घेऊन केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या बायकांत मशेरी लावणाऱ्याच अधिक होत्या. म्हणजे हा आकडा परदेशातल्या सिगारेटवाल्या बायकांचा नाही, आपल्याच मोऱ्यांमधला आहे. सुनेला मी आकडा सांगितला नाही. पोरीचा चेहरा आधीच उतरला होता. दाढेचा इलाज आज करू, दुखणार नाही, मग मशेरीचं कारणच राहणार नाही, एवढंच सांगितलं. गरोदर म्हणून तिला गोळीही दिली नाही. तिच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

त्या संध्याकाळी मावशींनी डबा नाल्यात रिकामा केला. हे मला सुनेने सांगितलं. मावशी स्वतः त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत त्या नुसत्या म्हणाल्या, “माज्या हातानं दिली हुती मी तिला.” मी त्यांचा हात धरला आणि काही वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मार्चमध्ये मुलगी झाली, 2.6 किलो. मशेरी सातव्या महिन्यात सुटल्यामुळे काय फरक पडला हे एका बाळावरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि मीही सांगत नाही. मावशींचं कुटुंब मात्र ते माझ्या पदरात टाकतं.

*

एप्रिलमध्ये मावशी जत्रेला वेल्ह्याकडे गेल्या. मशेरी सोडून तेव्हा चार महिने झाले होते. बहिणीच्या अंगणात मशेरी भाजत होती. “नुसता वास आला आन् तोंडाला पानी सुटलं, ताई.” चार दिवस लावली. पाचव्या दिवशी परतताना बसमध्ये बहिणीने दिलेली पुडी पिशवीत होती. ती घेऊन त्या घरी न जाता थेट दवाखान्यात आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी रागावले नाही. वास आणि जागा या दोन गोष्टी मेंदूत तलफेला सगळ्यात घट्ट चिकटतात. दिवस, महिने जातात तरी चिकटून राहतात. चार दिवसांनी चार महिने पुसले जात नाहीत. दोन आठवडे पहाटेची गोळी पुन्हा सुरू केली, मग बंद.

चट्टा : सोडल्यापासून सहा आठवड्यांनी सुरकुत्या फिकट. तीन महिन्यांनी खोबणीतली राखाडी झाक जवळजवळ गेली, अस्तर गुलाबी, ओलसर. डावीकडचा जाड भाग आकसून सहा मिलिमीटरवर आला आणि तिथेच थांबला. जूनमध्ये तो शस्त्रक्रियेने काढून पुन्हा तपासला : वरचा थर जाड, डिसप्लेसिया नाही. हलणारा दात वाचला नाही. उतरलेली हिरडी परत चढत नाही, ते नुकसान कायमचं. रक्तदाब आता आटोक्यात आहे, पण गोळी नियमित झाली हेही त्याचं कारण असू शकतं.

वजन साडेतीन किलोंनी वाढलं. याची मावशींना चिंता, मला नाही.

दवाखान्यात मी कार्ड नवीन छापून घेतलं. ‘तंबाखू : होय / नाही’ ही ओळ काढून तिथे चार प्रश्न आहेत : दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, तोंडात काही ठेवता का, आणि घरात आणखी कोण. मावशींच्या गल्लीतल्या आणि आसपासच्या बायका येतात तेव्हा पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळतं, आणि त्यांना कसलाही संकोच वाटत नाही, कारण दात घासण्यात संकोच कसला. सोडायची इच्छा असलेल्यांना 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक देते. पण तो फिरवून पहिल्यांदा बोलणं मी माझ्यासमोर करवून घेते, कारण नुसता कागद दिला तर तो फळीवर जातो.

फेब्रुवारी 2025 च्या तपासणीला मावशी बहिणीला घेऊन आल्या. बहीण खुर्चीत बसली. मी कार्ड भरायला घेतलं तोच ती म्हणाली, “मला कायबी याड न्हाई, बाई.” मावशी मागून म्हणाल्या, “ताई, तिचा ओठ वढून बगा आधी.”

बहिणीच्या चट्ट्याचा अहवाल यायचा आहे. मावशींची पुढची तपासणी मे महिन्यात. यजमानांचा तंबाखूचा बार अजून चालू आहे. पण मळायला ते आता गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसतात, कारण नात रांगायला लागली आहे आणि जमिनीवर जे सापडेल ते तोंडात घालते.